पक्का काळा

आमच्या गल्लीतला रंगारी सांगायचा, काळे अकरा असतात. मी म्हणायची, "रंगारीबुवा, काळा म्हणजे काळा. दिवा घालवला की सगळं एकच." त्यावर तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्या आईला नावं ठेवली.

मग नंबर सुरू. एकचा काळा निळ्याकडे झुकतो. चारचा लालसर, उन्हात धरला की दगा देतो. सातचा हिरवट, धुऊन धुऊन विटलेल्या कोटाचा. असं करत करत अकरावर यायचा. अकरात दुसरं काहीही नाही, निळा नाही, लाल नाही. तो पक्का काळा. एकदा चढला की त्यावर जगातला कुठलाच रंग चढत नाही. हे सांगताना स्वारी डोळे मिटायची, आणि समोर उभं राहिलेलं गिऱ्हाईक कोट तिथेच टाकून पळायच्या बेतात असायचं.

त्याचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोर. मधे एवढीच गल्ली की त्याच्या हंड्याची वाफ माझ्या कागदांना लागायची आणि कागद मशीनमध्ये अडकले की मी त्याला शिव्या घालायची. गल्लीच्या टोकाला कोर्ट, त्यामुळे दोघांची गिऱ्हाइकं तीच. वकिलांचे कागद माझ्याकडे, वकिलांचे विटके कोट त्याच्याकडे. कोट हातात घेतला की तो माणसाची कुंडली मांडायचा.

"हा बघा. खांदे ताजे, बाह्या ताज्या, आणि बसायची बाजू आरशासारखी गुळगुळीत. म्हणजे वकीलसाहेब न्यायाधीशापुढे उभे राहत नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून असतात."

माझ्या मशीनवरही त्याचा राग. "झेरॉक्सबाई, हे काळा काढत नाही, राख काढतं."

उंच, काटकुळा माणूस. हात कोपरापर्यंत निळे-काळे आणि पायांची तर दशा विचारू नका. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहूनच काम करायचं, ही त्याची पद्धत. चपलेने म्हणे हंड्याची धग पायाला कळत नाही. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानामागच्या खोलीत राहणाऱ्या. पाय घासल्याशिवाय त्या त्याला उंबरठा ओलांडू देत नसत. मागच्या मोरीच्या कट्ट्यावर वजरी ठेवलेली असायची. तिथे बसून टाचा घासत तो बडबडायचा आणि आतून वहिनी ओरडायच्या, "अहो, चादर पांढरी आहे, माहितीये ना?"

तर डावी टाच. तिथे एक डाग होता. आधी मसुरीएवढा, मग शर्टाच्या बटणाएवढा. मी एकदा गल्लीतूनच पाहिला आणि म्हटलं, "काय हो, आता पायही रंगवायला घेतलात?"

त्याने पाय उलटा करून उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि सांगितलं, "तीन नंबरचा. मागच्या आठवड्यातल्या त्या जाड कोटाचा. भेगेत बसलाय."

वजरीने घासला. व्हिनेगर लावलं. ब्लिचिंग पावडरचा लेप दिला. डाग एखादी छटा उतरायचा आणि पुन्हा यायचा. दोन वर्षं हा खेळ चालला. अकरा काळे ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या टाचेवरचा बारावा ओळखता आला नाही. पण त्याला तरी काय बोलायचं? ज्याचे पाय तीस वर्षं काळेच, त्याने त्यातला एक डाग परका आहे, हे कसं ओळखावं? दुसऱ्या कुणाच्या पायावर असता तर बायकोने पहिल्याच महिन्यात ओढत डॉक्टरकडे नेलं असतं.

मग पांढऱ्या चादरीवर रक्ताचा ठिपका पडला. मग जांघेत लिंबाएवढी गाठ आली. तेव्हा वहिनींनी त्याला हाताला धरून हॉस्पिटलात नेलं.

माझी एक सवय वाईट आहे. मशीनवरून जाणारा प्रत्येक कागद मी वाचते. मशीन गरम होईपर्यंत दुसरं करायचं काय? कुणाचा घटस्फोट, कुणाच्या भावाभावांत वाटणी, मला आधी कळतं आणि मग गल्लीला. रंगाऱ्याचे रिपोर्टही माझ्याकडेच आले. त्वचेचा कॅन्सर, गाठीत उतरलेला, फुप्फुसात दोन ठिपके, चौथी पायरी. तो समोर उभा राहून माझ्या टोनरला नावं ठेवत होता. त्या दिवशी माझ्या झेरॉक्स वाकड्या निघाल्या. तो म्हणाला, "बघा, आता राखसुद्धा सरळ पडत नाही." मी काहीच बोलले नाही. तेव्हाच त्याला समजायला हवं होतं.

"ताई, तुम्ही चला," वहिनी मला म्हणाल्या. "तुम्हाला कागद कळतात." म्हणून मीही गेले.

कॅन्सरची डॉक्टरीणबाई तरुण होती. कानामागे पेन खोचलेलं आणि समोर कागद. तिने एक गोल काढला, त्यात एक बटण काढलं.

"या आजाराच्या पेशींमध्ये एक बटण चालूच्या बाजूला अडकलंय. तळपायाच्या गाठींमध्ये ते फार थोड्या लोकांत सापडतं. तुमच्यात सापडलं, हे आपलं नशीब. दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, त्या हे बटण दाबून धरतात. परिणाम लवकर दिसतो. पण काही महिन्यांनी आजार दुसरी वाट काढतो. दुसरं औषध सलाईनमधून द्यायचं. ते आजाराला मारत नाही, तुमच्याच अंगातल्या पहारेकऱ्यांचा लगाम सोडतं. त्याला वेळ लागतो, सगळ्यांना लागूही पडत नाही. पण ज्यांना पडतं त्यांच्यात टिकतं. म्हणून दोन्ही एकत्र देऊन बघू या."

रंगारी बराच वेळ त्या गोलाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे गोळी रंग आणि सलाईन तुरटी."

"काय?"

"रंग लगेच चढतो हो, पण पहिल्या पाण्याला उतरतो. तुरटी दिसत नाही. पण रंगाला धरून ठेवते ती तीच."

डॉक्टरीणबाईने कानामागचं पेन काढलं आणि हसून टेबलावर आपटलं. "अगदी बरोबर! आता मी सगळ्या पेशंटना असंच सांगणार."

"बाई, ह्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका," मी म्हटलं. "उद्या तुमच्या खुर्चीत येऊन बसतील."

चौघंही हसलो. कॅन्सरच्या ओपीडीत इतकं हसणं बरं नव्हे, असं बाहेरच्या बाकावरच्या एका म्हातारीने तोंडाने नाही पण डोळ्यांनी सांगितलं. तिचं बरोबर होतं. ती तुरटीच पुढे आमच्या गळ्यात पडली.

निघताना बाईने एक कागद दिला. ताप आला, जुलाब झाले, दम लागला, नजरेत काही फरक पडला, तर त्याच दिवशी फोन करायचा. थांबायचं नाही, सोसायचं नाही. मी तो कागद दुप्पट मोठा करून काढला. एक हंड्यावरच्या भिंतीला चिकटवला, एक मागच्या खोलीच्या दाराला.

आणि काय सांगू, रंग चढला! तिसऱ्या आठवड्यात जांघेतलं लिंबू सुपारीएवढं झालं. दोन महिन्यांनी बोटाला लागेना. फुप्फुसातले ठिपके फोटोत शोधावे लागले. पहिल्या महिन्यात एकदा सडकून ताप आला होता. तेव्हा वहिनींनी दारावरचा कागद वाचून फोन केला, बाईने चार दिवस गोळ्या थांबवायला सांगितलं, ताप उतरला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सगळं कागदाबरहुकूम. पण ते चार दिवस हा माणूस पिंजऱ्यातल्यासारखा दुकानात येरझाऱ्या घालत होता.

"उकळत्या हंड्यातून कापड मधेच बाहेर काढतात का कुणी? डाग-डाग होतं. परत घातलं तरी रंग सारखा चढत नाही."

"तुम्ही कापड आहात का?" वहिनी म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं."

मी तिथेच होते. वहिनींना कळलं नाही ते ठीक, पण मला कळायला हरकत नव्हती. मला वाटलं, नेहमीची बडबड.

पाचव्या महिन्यात त्याच्या हातांवर पांढरे चट्टे उठले. आधी बोटांच्या पेरांवर, मग मनगटावर. वहिनी रडायलाच लागल्या. कॅन्सर ऐकून जी बाई रडली नव्हती, ती चट्टे बघून रडली. कॅन्सर आत असतो, हे चारचौघांत दिसणार. डॉक्टरीणबाई मात्र खूश. म्हणाली, पहारेकरी कातडीतल्या रंगाच्या पेशींवरही तुटून पडलेत, म्हणजे ते जागे झालेत. पुष्कळदा हे चांगलं लक्षण असतं.

"आयुष्यभर जगाला रंगवलं," रंगारी म्हणाला, "आणि शेवटी मलाच ब्लीच."

"बरंच झालं," मी म्हटलं. "तीस वर्षांत पहिल्यांदा तुमचे हात धुतल्यासारखे दिसतायत."

वहिनी नाक पुसता पुसता हसल्या. तुरटी लागू पडतेय, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. त्याला जगायचं होतं, हे कुणालाही दिसावं. वकिलांचे कोट पुन्हा रांगेने वाळत पडायला लागले, आणि अकराव्या काळ्याचं पुराण पुन्हा सुरू झालं.

आता माझ्या स्वेटरचं सांगते.

आमच्या दोघांत खोड्यांची जुनी देवाणघेवाण होती. एकदा मी त्याचा डुलकी घेतानाचा फोटो भिंतीएवढा मोठा करून 'हरवले आहेत' म्हणून कोर्टाच्या फाटकाला लावला होता. त्याचं उट्टं त्याने कधीतरी काढायचं होतंच. त्यामुळे मी माझा जुना काळा स्वेटर रंगवायला दिला आणि तो बाटलीसारखा हिरवागार होऊन परत आला, तेव्हा मला शंकासुद्धा आली नाही. मी तो अंगात घातला आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवले. "या हो या, रंगारीबुवांचा बारावा काळा बघा!"

तो दाराशी आला. माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघितलं. आधी लोक हसले. मग तो हसला.

"मुद्दाम केलंय, झेरॉक्सबाई. महिनाभर घाला."

लोकांच्या मागून हसला तो. स्वतःच्या खोडीवर माणूस सगळ्यांच्या आधी हसतो, मागून नाही. हे माझ्या ध्यानात आलं होतं. खोटं कशाला सांगू, आलं होतं. पण सगळी गल्ली हसत होती, आणि हसणारी गल्ली सोडून द्यायची मला सवय नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक ढेरपोटे वकील तणतणत आले. कोटाचं अंग एका काळ्याचं, डावी बाही दुसऱ्या. "अहो, न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं, वकीलसाहेब, बाही कुणाची मागून आणलीत?"

मी माझ्या दुकानातून फिस्सकन हसले. रंगारी कोट हातात घेऊन बाहीवर बोट फिरवत उभा राहिला, जणू रंग बोटाला लागतो.

तेवढ्यात आतून वहिनी आल्या. हातात नमुन्याच्या पट्ट्यांचा जुडगा होता, जो कायम हंड्याजवळच्या खिळ्याला टांगलेला असे. अकरा काळ्यांच्या अकरा पट्ट्या. प्रत्येकीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"ह्या खाचा कधी पाडल्या?"

त्याने कोटाची घडी घालायला घेतली.

"अहो, मी काय विचारतेय? नजरेने ओळखायचे काळे बोटांनी कशाला मोजता?"

वकीलसाहेबांनाही काहीतरी उमगलं असावं. ते कोट तिथेच ठेवून निघून गेले. रंगारी पालथ्या बादलीवर बसला.

"मधोमध धुकं आहे," तो म्हणाला. "कडेने दिसतं. मधे बघायला गेलं की नाही."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील."

"दोन महिने! दारावर एवढा थोरला कागद लावलाय. वाचला नाहीत?"

"वाचला ना. म्हणून तर." मग एकदम लहान मुलाने कबूल करावं तसा बोलला. "डोळ्यांचं सांगितलं तर गोळी थांबवतील. तापाला एकदा थांबवली होती. सारखं सारखं कापड बाहेर काढलं तर रंग धरत नाही गं. आणि रंगच नसेल तर तुरटी धरणार कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं हॉस्पिटलात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत टॉर्च मारून पाहिलं, फोटो काढले. पडद्याखाली पाणी साठलेलं, तेही बरेच दिवसांचं. दोन गोळ्यांपैकी एकीमुळे होतं असं. वहिनींनी कापडाचं सगळं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई फोटोकडे बघत म्हणाली, "लगेच सांगितलं असतंत तर ती गोळी दोन आठवडे थांबवली असती आणि कमी करून पुन्हा दिली असती. बहुतेकांचे डोळे पहिल्यासारखे होतात."

"आणि तेवढ्यात आजार उसळला असता तर?"

"दोन आठवड्यांनी काही बिघडलं नसतं. औषध मधे थांबवलं म्हणून माणूस डाग-डाग होत नाही हो. तुम्ही कापड नाही."

बाईने कानामागचं पेन काढून टेबलावर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ती तुरटीची गोष्ट मी आणखी चौदा पेशंटना सांगितली. आता सगळ्यांना फोन करावे लागतील."

रंगाऱ्याने मान वर केली. "त्यांच्यात रंगारी कुणी आहे का?"

"नाही."

"मग राहू द्या. त्यांना काही होणार नाही."

गोळ्या थांबल्या. सलाईन चालू राहिलं. पाणी ओसरलं, पण नजरेच्या मधोमध राखाडी ठिपका राहिला तो राहिलाच. त्याच्याच भाषेत सांगायचं तर माझ्या मशीनचा काळा. घरी आल्यावर मी वहिनींना स्वेटरचं सांगितलं. मला तेव्हाच काहीतरी वाटलं होतं, तरी मी हसत सुटले, हेही सांगितलं. त्या भांडी पुसत होत्या.

"मीही हसलेच की, ताई," एवढंच म्हणाल्या.

पुढचे सहा-सात महिने तुरटीने एकटीने किल्ला लढवला. हंड्यावर वहिनी उभ्या राहायच्या आणि हा बाजूला उभा राहून मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने कापड बघायचा. "कोंबडीसारखे बघता," मी म्हणायची. "कोंबडीला दाणा तरी दिसतो," तो म्हणायचा. मग त्याचं डोकं दुखायला लागलं. डाव्या हातातून चमचा पडायला लागला. पुन्हा फोटो काढले.

तो रिपोर्ट घेऊन एका दुपारी तो स्वतः गल्ली ओलांडून आला. एकटाच, भिंतीला हात लावत.

"झेरॉक्स काढा. आणि वाचा."

मी कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, दिवा इकडून तिकडे सरकला. वाचायला तेवढा वेळ मला पुष्कळ होतो. डोक्यात तीन जागा. फुप्फुसात पुन्हा, आधीपेक्षा जास्त.

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय, या इसमाने झेरॉक्सबाईंचा स्वेटर बिघडवला, सबब त्यांना..."

"नको," तो म्हणाला. "हसवू नका. नंबर सांगा."

"कसला नंबर?"

"काळ्याचा."

वीस वर्षं मी त्याला सांगत आले होते की काळा म्हणजे काळा. मशीनमधून कागद बाहेर आला, गरम होता. तो हातात धरून मी म्हटलं, "अकरा."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "म्हणजे आता ह्यावर काही चढायचं नाही." मग जायला वळला आणि दारात थांबला. "तिला मी सांगतो. तुम्ही सांगायला गेलात तर मधेच जोक कराल."

डोक्याला रेडिएशनचा शेक दिला, स्टिरॉइड दिले. नऊ-दहा आठवडे मिळाले. त्यात त्याने वहिनींना काळे शिकवले. पलंगावर पडून पट्टी हातात घ्यायची, खाचा मोजायच्या, आणि किती पाण्याला किती भुकटी, व्हिनेगर कधी, आच कधी मंद, हे सांगायचं. मी उशाशी बसून लिहून घ्यायची, दुकानात जाऊन दोन प्रती काढायची. आपले डोळे गेलेत हे लपवायला पाडलेल्या खाचा शेवटी वहिनींच्या उपयोगी पडल्या. त्यांना नजरेने काळे कधीच ओळखता आले नव्हते.

दहा लिहून झाले. अकराव्याला हात घातला त्या दिवशी त्याला शब्द सापडेनात. पट्टी घट्ट धरून ठेवली, अंगठा खाचांवरून फिरवत राहिला, एक, दोन, तीन, आणि पुन्हा एकपासून. दुसऱ्या दिवशी बोलणंच गेलं. त्या आठवड्यात तोही गेला.

आता समोरच्या दुकानात वहिनी असतात. चपला घालून काम करतात. कोट दहाच काळ्यांत निघतात. वकिलांना काही फरक कळत नाही, त्यांना आधीही कळत नव्हता. वहिनींना आता कळतो. कोट वाळत घातला की त्या मागे सरकून थोडा वेळ बघतात, आणि मग आत जातात.

मागच्या महिन्यात त्यांनी माझा तो हिरवा स्वेटर मागून घेतला. "द्या, ताई. काळा करून देते, किती दिवस तशाच फिरता?" मी दिला. आठ दिवसांनी आणून दिला, स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला, आणि पूर्वीइतकाच हिरवागार.

मी वर बघितलं. ह्या बाईने आयुष्यात कधी कुणाची खोडी काढली नव्हती, आणि मला ताईशिवाय हाक मारली नव्हती. तोंड अगदी सरळ ठेवून म्हणाल्या,

"मुद्दाम केलंय, झेरॉक्सबाई. महिनाभर घाला."